उद्योगप्रमुखांचा शब्द आणि विश्वासाचा ताळेबंद

ठाणे-बेलापूर मार्गावर एके काळी रासायनिक कारखान्यांची रांग होती. कामगारकपातीची वेळ आली की फाटकावर नोटीस लागे आणि युनियनचे पुढारी व्यवस्थापनासमोर बसत. त्याच पट्ट्यात आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. ऐरोलीत कार्यालये असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएसचे मुख्याधिकारी के. कृतिवासन यांनी २७ जुलै २०२५ रोजी एका मुलाखतीत कर्मचारीकपात जाहीर केली. सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी वर्षभरात कमी होणार होते. दिवस रविवारचा होता. कर्मचाऱ्यांच्या पोटापाण्याशी संबंधित एवढा मोठा निर्णय असा मुलाखतीतून बाहेर आला. तेव्हापासून किती जण जाणार यापेक्षा कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न अधिक मोठा झाला.

उद्योगप्रमुखाचा शब्द ही केवळ प्रसिद्धी विभागाची बाब राहिलेली नाही. त्या शब्दावर गुंतवणूकदार समभाग विकतात, ठेवीदार बँकेसमोर रांगा लावतात आणि कर्मचारी घराच्या कर्जाचे हप्ते मोजू लागतात. गेल्या दोन दशकांतील महाराष्ट्रातील काही घटना तपासल्या, तर विश्वास नेमका कोठे तुटतो आणि कशाने पुन्हा जुळतो, हे बरेचसे स्पष्ट होते.

आकड्यांमधील दरी

टीसीएसच्या कपातीचा भर मधल्या आणि वरिष्ठ फळीवर होता. हा निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे घेतलेला नसून कौशल्ये आणि उपलब्ध कामे यांचा मेळ बसत नसल्याने घ्यावा लागला, असे कृतिवासन यांचे म्हणणे होते. आपल्या कारकिर्दीतील अत्यंत कठीण निर्णयांपैकी हा एक असल्याचेही त्यांनी सांगितले. कंपनी मात्र 'भविष्यासाठी सज्ज' होण्याची भाषा बोलत होती. काही दिवसांतच सुमारे ८० टक्के कर्मचाऱ्यांना १ सप्टेंबरपासून वेतनवाढ देण्याचे जाहीर झाले. एकाच पंधरवड्यात कपातही आणि वाढही, तेव्हा नेमका अर्थ काय काढायचा, हे कर्मचाऱ्यांवरच सोडण्यात आले.

ऑक्टोबरमध्ये तिमाही निकाल आले, तेव्हा जून अखेरची ६,१३,०६९ ही कर्मचारीसंख्या सप्टेंबर अखेर ५,९३,३१४ वर आली होती. म्हणजे तीन महिन्यांत १९,७५५ जण घटले. कपातीत त्यांपैकी सुमारे सहा हजारच गेले, असे कंपनीचे म्हणणे होते. कर्मचारी स्वतःहूनही नोकरी सोडतात, त्यामुळे हा खुलासा अशक्य कोटीतील नव्हे. परंतु दोन आकड्यांमधील दरी वेळेवर आणि सविस्तर समजावून सांगितली नाही, तर ती अफवांनी भरते. तसेच झाले. ८० हजार जणांना काढल्याच्या वावड्या उठल्या आणि कंपनीला त्या खोडून काढाव्या लागल्या. पुण्यातील 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने प्रश्न केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेला होताच. त्या तिमाहीची पत्रकार परिषद ९ ऑक्टोबर या रतन टाटा यांच्या स्मृतिदिनामुळे रद्द झाली, विश्लेषकांशी संवाद मात्र झाला. कारण आदराचे असले, तरी गुंतवणूकदारांना उत्तरे मिळतात आणि आपल्याला नाहीत, अशी भावना अशा वेळी बळावते, हे नाकारता येणार नाही.

चार भिंतींच्या आतले शब्द

लार्सन अँड टुब्रोची अडचण वेगळ्या प्रकारची होती. सीवूड्स स्थानकावरील संकुल आणि नवी मुंबईला मुंबईशी जोडणाऱ्या अटल सेतूचा मोठा भाग उभारणारी ही कंपनी. जानेवारी २०२५ मध्ये तिचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची कर्मचाऱ्यांशी झालेल्या संवादाची ध्वनिचित्रफीत बाहेर आली. आठवड्याला ९० तास काम करावे, रविवारीही तुम्हाला कामावर बोलावता येत नाही याची खंत वाटते आणि घरी बसून पत्नीकडे किती वेळ पाहणार, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये ७० तासांचा आग्रह धरला, तेव्हाच या विषयावर वाद झडला होता. आता उद्योगजगतातूनही विरोधी सूर उमटले. कामाचे तास नव्हे, कामाचा दर्जा महत्त्वाचा, असे आनंद महिंद्रा यांनी सुनावले.

कंपनीने राष्ट्रउभारणीचा दाखला देत अध्यक्षांची पाठराखण केली. परंतु लोकांचा राग केवळ तासांवर नव्हता. बोलणाऱ्याचे वार्षिक वेतन पन्नास कोटींच्या घरात आणि ऐकणारा दररोज लोकलमध्ये लटकणारा, हे अंतर त्या वाक्यांत कोठेही मान्य केलेले नव्हते. बंद दाराआडचे बोलणे दाराआडच राहील, हा समजही त्या चित्रफितीने खोटा ठरवला.

सर्वांत कडू धडा

याहून कडू धडा नवी मुंबईतील ठेवीदारांनी सोसला आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह अर्थात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. खात्यातून आरंभी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी ठेवीदारांना संदेश पाठवला. त्यात जबाबदारी स्वीकारलेली होती, क्षमायाचनेची भाषा होती आणि सहा महिन्यांच्या आत अनियमितता दूर करण्याची ग्वाहीही होती. शब्दांच्या कसोटीवर त्या संदेशात काहीच उणे नव्हते.

परंतु एचडीआयएल समूहाला दिलेल्या साडेसहा हजार कोटींच्या कर्जाचा त्यात उल्लेख नव्हता. ते कर्ज दडवल्याची कबुली देणारे थॉमस यांचे पत्र तोवर रिझर्व्ह बँकेकडे गेले होते. नियामकाला एक आणि ठेवीदाराला दुसरे, असा हा प्रकार होता. पुढे थॉमस यांना अटक झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली. पाठोपाठ कृती नसली आणि सत्यही अर्धेच असले, तर उत्तम शब्दांतील माफी अधिकच संताप आणते, हे यातून दिसले.

शब्दाआधी वेष्टन

तुटलेला विश्वास परत मिळतच नाही, असे मात्र नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन सणासुदीत, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने प्रथम दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवले. वेष्टन पुरेसे घट्ट नसेल तर दोष कोणाचा, असा प्रतिप्रश्न राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने केला. विक्रीला जबर फटका बसल्यावर कंपनीने सूर बदलला. दुकानदारांसाठी 'विश्वास' नावाचा उपक्रम हाती घेतला आणि जानेवारी २००४ मध्ये दुहेरी, बंदिस्त वेष्टन बाजारात आणले. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती त्यानंतर आल्या. ग्राहक परतला, कारण बदल त्याला हातात धरून पाहता येत होता.

या साऱ्या घटनांतून एक सूत्र निघते. ज्याच्यावर परिणाम होणार, त्याला प्रथम आणि संपूर्ण सांगणे, गुंतवणूकदाराला एक व कर्मचाऱ्याला दुसरे न सांगणे आणि शब्दापाठोपाठ पडताळून पाहता येईल अशी कृती करणे, हीच विश्वासाची किमान अट आहे. ऐरोली-घणसोलीच्या इमारतींत काम करणारा तरुण कंपनीकडून आजन्म नोकरीची हमी मागत नाही. आपले भवितव्य आपल्याला इतरांच्या आधी कळावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. तीही पूर्ण होणार नसेल, तर उद्याच्या प्रत्येक खुलाशाकडे तो संशयानेच पाहील आणि त्याचा दोष अफवांना देता येणार नाही.