वहीतला शेरा, पार्किंगमधली पाटी

आमच्या वॉचमनची बायको परवा मुलीची वही घेऊन आली. बाईंनी काय लिहिलंय ते तिला वाचून हवं होतं. लाल शाईत दोन ओळी होत्या : मुलगी वर्गात बोलत नाही. घरी मराठीत बोलत जा. वाचून दाखवलं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. वहीतल्या शेऱ्यांवरचा माझा राग या सदराच्या वाचकांना नवा नाही. पण हा शेरा नुसता तुटक नाही, तो चुकीचा आहे, आणि ती आई तो शिरसावंद्य मानून वागायला निघाली होती.

हे कुटुंब नेपाळातल्या अछामचं. मुलगी जूनमध्ये पहिलीत गेली, मराठी शाळेत. घरात नेपाळी, आमच्याशी हिंदी. आईचं मराठी भाजी घेण्यापुरतं. आता तेवढ्या मराठीत तिनं लेकीचे लाड करायचे, तिला रागवायचं, ताप आला तर समजूत घालायची? मी तिला स्पष्ट सांगितलं, घरी नेपाळीच बोल. भरपूर बोल. गोष्टी सांग, गाणी म्हण, गावाकडच्या आजीशी फोनवर मनसोक्त बोलू दे. तिला ते पटलेलं दिसलं नाही. बाईंनी लिहून दिलंय म्हटल्यावर शेजारच्या आंटीचं कोण ऐकणार?

नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही महिने गप्प राहतात, हे अभ्यासकांनी कधीचं नोंदवून ठेवलंय. कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी दाखवलं की रोजच्या बोलण्यापुरती दुसरी भाषा यायला साधारण दोन वर्षं लागतात, शाळेचा अभ्यास पेलण्याइतकी यायला पाच ते सात. आणि पहिली भाषा भक्कम असेल तर दुसरीला तिचाच आधार मिळतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून आपल्या घटनेत 1956 मध्ये 350 अ हे कलम आलं. 2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचे आदेश निघाले, गदारोळ झाला, 29 जूनला ते मागे घेतले गेले. कोणती भाषा आणि कितवीपासून, यावर घसा कोरडा होईतो चर्चा झाली. सहा वर्षांच्या पोराला नवी भाषा येते कशी, यावर फारसं कुणी बोललं नाही.

ही मुलगी गप्प आहे म्हणजे तिला कळत नाही असं बाईंना वाटतंय. ती संध्याकाळी माझ्याकडे झाडांना पाणी घालायला येते. मी म्हणते, कुंडीमागची झारी आण. आणते. नळ थोडाच सोड. थोडाच सोडते. तुळशीला घाल, कोरफडीला नको. कोरफड ओलांडून पुढे जाते. तोंडातून एक शब्द नाही, पण मराठी आत जमा होतंय, आणि ते हातातून दिसतंय. वर्गात साठ डोळ्यांसमोर उभं करून ‘बोल, बोल’ म्हटल्यावर ते बाहेर येणार नाही. मी तिला रोज चिऊ-काऊची गोष्ट सांगते, कारण तिला तीच हवी असते. काऊ दार वाजवायच्या आधीच ती टेबलावर टकटक करते. पुढचं सगळं तिला पाठ आहे. तेच ते ऐकून मुलांना कंटाळा येईल ही भीती मोठ्यांची. नवी भाषा शिकणाऱ्या मुलाला तर तेच ते हवं असतं.

आणि बोलायचं म्हणाल, तर ती बोलते. भांडते! पार्किंगमध्ये विषामृत चालू होतं. कुणीतरी तिला विष दिलं, ती पुतळ्यासारखी उभी, आणि अमृत द्यायला कुणी येईना. ‘ए, अमृत दे ना!’ सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं. मग लंगडीत तिला बाद ठरवलं तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मी आऊट नाही. तू रेषेवर पाय दिलास. मी बघितलं.’ तीन वाक्यं, तिन्ही बिनचूक, आणि एकही पुस्तकातलं नाही. तिथे गप्प राहिलं तर राज्य अंगावर येतं, म्हणून बोलावंच लागतं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे, असं म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांवर बालवाडी घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे मोकळं असतं तिथेच ते शिकतं, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

आणि आमच्या सोसायटीनं काय करावं? गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी गाडीचा आरसा फुटला आणि समितीनं पाटी लावली : पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई. खाली दंडाची रक्कम. मला याचा शेऱ्यापेक्षाही जास्त राग आलाय. मुलांनी जायचं कुठे? समोरच्या रस्त्यावर बस धावते. बाग आहे ती सिग्नलपलीकडे, तिथे मोठं माणूस सोबत लागतं, आणि वॉचमनच्या मुलीला सोबत कोण देणार? बाप गेटवर, आई चार घरची कामं करते. बाकीची पोरं आता क्लासला जातात, नाहीतर घरात मोबाइल घेऊन बसतात. या मुलीला क्लास नाही आणि घरी मराठी बोलणारं कुणी नाही. तिचा मराठीचा वर्ग त्या पाटीनं बंद केला, आणि आरसा फोडला कुणी ते अजून कुणालाच माहीत नाही.

आरसा भरून द्यायला हवा, यात वाद नाही. वर्गणी काढा, मी देते. बॉलवर बंदी घाला, तेही मान्य. लंगडीनं आणि विषामृतानं कुणाची काच फुटत नाही. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. संध्याकाळी पाच ते सात मागची पट्टी मुलांना द्यावी, असं पत्र मी सेक्रेटरींकडे दिलंय, त्यावर अकरा घरांच्या सह्या आहेत. तिथे रोज चार स्कूटर आणि एक बंद पडलेली मारुती उभी असते. मारुतीच्या मालकांशी मी बोलणार आहे, स्कूटरवाल्यांनी आपणहून गाड्या पुढे लावाव्यात. बाईंनाही चिठ्ठी लिहून दिली आहे : मुलगी मराठी बोलते, एकदा मधल्या सुट्टीत पटांगणात येऊन ऐका.