पितृपक्षात शिकवा, दिवाळीत विका

गणपती गेले की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या कापड दुकानांच्या काचांवर कागद चिकटायला लागतात : ‘सेल्समन, सेल्सगर्ल पाहिजेत. अनुभवाची अट नाही.’ दादरच्या रानडे रोडला, कोल्हापूरच्या महाद्वार रोडला, नागपुरात सीताबर्डीलाही या दिवसांत हेच चित्र असतं. कागद वाचून आत जाणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, बारावीनंतर थांबलेली असतात आणि मुलं जरा मोठी झाल्यावर पहिल्यांदाच कमवायला बाहेर पडलेल्या बायकाही असतात. दसरा-दिवाळीचा सीझन ही यांतल्या अनेकांची आयुष्यातली पहिली नोकरी. आजचं सदर त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या दुकानदारांसाठीही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सीझनची माणसं पितृपक्षातच कामावर घ्यावीत, आणि पहिल्या दिवसापासून पगार देऊन.

पितृपक्षात लोक नवं कापड घेत नाहीत, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक तुरळक असतं. पण त्याच पंधरवड्यात सणाचा माल उतरत असतो, गठ्ठे फुटत असतात, किमतीची लेबलं लागत असतात, मांडण्या बदलत असतात. शिकायला यापेक्षा चांगला काळ नाही. जुन्या सेल्समनला दोन गोष्टी समजावून सांगायची उसंत असते आणि नव्याला चुकायची मुभा असते. तरीही ‘विक्री नाही तर पगार कशाचा’ या हिशेबाने अनेक ठिकाणी भरती पुढे ढकलली जाते. मग ऐन वसुबारस-धनत्रयोदशीच्या गर्दीत, इरकल कुठली आणि नारायणपेठ कुठली हेही न कळणारं पोर काउंटरमागे उभं केलं जातं. समोरच्या बाई विचारतात, “ही पैठणी ओरिजिनल का सेमी?” ते पोर मागे वळून कुणाला तरी हाक मारतं. हाक ऐकणाऱ्यापुढे आधीच चार गिऱ्हाइकं असतात. तो वैतागून काहीतरी ओरडतो, बाई उठून शेजारच्या दुकानात जातात. पंधरा दिवसांचा पगार वाचवणाऱ्या मालकाने अशा किती विक्र्या घालवल्या, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

खरं तर त्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत शिकवता येतं. पदर उलटा करून दाखवायचा. हातमागावरच्या अस्सल पैठणीत मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागच्या बाजूला धागे सुटलेले दिसतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस विसरत नाही, आणि मग उत्तर देताना त्याचा आवाजही बदलतो.

नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात विकायला मिळत नाही. मिळतात त्या घड्या. उलगडून टाकलेल्या साड्यांचा ढीग समोर येतो आणि तो संपत आला की दुसरा येतो. यात अपमान वाटून घेऊ नका, सगळं कापड तुमच्या हाताखालून जातं ते याच कामात. दोन्ही काठ जुळवायचे, मधला भाग हनुवटीखाली धरायचा, हात ताणून साडी निम्म्यावर आणायची आणि जुन्या घडीच्या रेषेवरच पुन्हा मोडायची. नवी रेष पडली की साडी हाताळलेली दिसते आणि गिऱ्हाईक ‘दुसरी दाखवा’ म्हणतं. काठ वर राहिला पाहिजे, किमतीची चिठ्ठी दिसली पाहिजे. जरीची जड साडी एकट्याने ओढाताण करून घडी करायची नाही, समोर दुसरा माणूस घ्यायचा. अशा साड्या हाताखालून जात राहिल्या की डोळे मिटूनही सूत, रेशीम आणि पॉलिस्टर वेगळं कळायला लागतं. जुने सेल्समन चिठ्ठी न पाहता भाव सांगतात, तो असाच आलेला असतो.

दुसरी गोष्ट पायांची. दिवसभर उभं राहायचं आहे, याची कल्पना मुलाखतीत कुणी देत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचा आणि पोटऱ्या बोलायला लागतात. सपाट, पातळ तळव्याच्या चपला टाळा. बायकांचं दुखणं याहून मोठं असतं. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या दुकानांत स्वच्छतागृह असलं तर वरच्या मजल्यावर, किंवा शेजारच्या इमारतीत. म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे अत्यंत वाईट आहे आणि कामावर रुजू होतानाच विचारायची ही गोष्ट आहे.

केरळात कोळिकोडच्या पी. विजी यांनी ‘पेणकूट्टु’ ही संघटना बांधून दुकानांतल्या बायकांचे हेच दोन प्रश्न धसास लावले : स्वच्छतागृह आणि बसायचा हक्क. त्या लढ्यानंतर केरळने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. आपल्याकडे यासाठी कुणी वाट का पाहावी? काउंटरमागे चार स्टुलं ठेवायला फार पैसे लागत नाहीत. गिऱ्हाईक नसताना माणूस दहा मिनिटं टेकला तर संध्याकाळी सातच्या गर्दीत तो हसून माल दाखवू शकतो.

आता बोलीचं. बहुतेक ठिकाणी ‘महिन्याचे इतके देऊ’ एवढ्यावरच भागतं. पण महिना म्हणजे किती दिवस? साप्ताहिक सुट्टी मिळणार का, आणि एखादा खाडा झाला तर किती कापणार? रात्री दुकान बंद झाल्यावर आवराआवरीचा तास धरणार का? या प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्या. मालक लिहून देत नसेल तर बोलणं झालं त्याच दिवशी आपणच त्यांना मोबाइलवर मेसेज पाठवून ठेवायचा. त्यात भांडण नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली गेली. सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर याही तरतुदी त्यात आल्या. पण या तरतुदी दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास दहा करायला आणि हा उंबरठा वीस कामगारांवर न्यायला मंजुरी दिली. मला हा निर्णय पटलेला नाही. आपल्या बाजारपेठा लहान-मध्यम दुकानांच्या आहेत, आणि सीझनला सर्वांत जास्त राबणारा माणूस नेमका याच दुकानांत असतो. संरक्षणाची गरज त्यालाच अधिक आहे.

बोनसचंही असंच. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी वर्षात किमान तीस दिवस काम केलेल्याला बोनसचा हक्क मिळतो. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत, सुट्ट्या वजा जाता, ते तीस दिवस सहसा भरत नाहीत. पितृपक्षापासून हजेरी लागली तर भरू शकतात. माझ्या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

बायकांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय २०१७ च्या कायद्याने मागितली आहे. दिवाळीत दुकानं त्यापुढेही उघडी असतात आणि धायरी, कात्रज, हडपसरकडे जाणारी मुलगी बसथांब्यावर एकटी उभी राहते. शेजारच्या चार दुकानांनी मिळून एक गाडी ठरवली तरी हा प्रश्न सुटतो.

पैशाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून सावध राहा. गिऱ्हाइकाने स्वतःच्या मोबाइलवर ‘पैसे गेले’ असं दाखवलं तरी दुकानाच्या यंत्रावर रक्कम आल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही. गल्ल्यावर बसवलं तर आधी आतली रोकड मोजून, लिहून, सही घेऊनच बसायचं. गल्ला कमी भरला की सगळ्यात नव्या माणसाच्या पगारातून कापायची रीत काही ठिकाणी आहे. निष्काळजीपणा दिसून आल्याशिवाय आणि त्याला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय अशी कपात कायद्याला मान्य नाही.

पाडवा झाला म्हणजे सुटलो असं समजू नका. भाऊबीजेनंतर बदलून घेणाऱ्यांची गर्दी येते. कुणाला माप मोठं होतं, कुणाला भावाने आणलेला रंग आवडलेला नसतो. विक्री शून्य आणि बोलणी भरपूर, असे ते दिवस. पण कोण कसा वागतो हे मालक तेव्हाच पाहतो. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई उघडते आणि सीझनच्या माणसांतले काही जण पुढे ठेवले जातात, ते बहुतेक या आठवड्यात टिकलेले असतात.

ज्यांना ठेवायचं नाही त्यांचा हिशोब मात्र रेंगाळतो. ‘सोमवारी या’, ‘शेठ गावाला गेलेत’ ऐकत मुलं बसभाडं खर्चून फेऱ्या मारतात. मालकाने काम थांबवलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण पगार हाती पडला पाहिजे, असं कायदा सांगतो. शहरोशहरीच्या व्यापारी संघटना सणाच्या तोंडावर रोषणाईसाठी, वाहतुकीसाठी बैठका घेतात. यंदाच्या बैठकीत त्यांनी आणखी दोन विषय घ्यावेत : हंगामी माणसांची भरती पितृपक्षाच्या पहिल्या आठवड्यात व्हावी, आणि शेवटच्या दिवशी दुकानातून निघतानाच त्यांचा पगार चुकता व्हावा.