कान देऊन ऐकले तर

आमची वाशी खाडीपलीकडची नव्हे. पत्ता सांगताना ‘जिल्हा धाराशिव’ एवढे जोडले नाही, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईतल्या उंच इमारती उभ्या राहतात. आमच्या तालुक्याचे नाव बाहेर निघतेच, तर ते दिवाळीच्या सुमारास, तेरखेड्याच्या फटाक्यांमुळे. अशा गावी बसून एका निवृत्त मास्तराने जपानी चित्रपटांवर, आणि तेही कोवळ्या वयातल्या प्रेमाच्या चित्रपटांवर लिहावे, हे शोभते का, असे कोणी विचारील. विचारावे जरूर. मीही स्वतःला विचारून पाहिले, आणि मगच लिहायला बसलो.

त्याचे असे झाले. दिवाळीच्या सुटीत पुण्याहून नात आली होती. यंदा दहावीला आहे. दुपारभर मोबाइलमध्ये डोके घालून ती काहीतरी पाहत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. डोकावून पाहिले तर कार्टून. ‘‘चित्रातली माणसे कसली प्रेमात पडतात?’’ मी मास्तरी आवाजात म्हणालो. तिने वाद घातला नाही. ‘‘आजोबा, तुम्ही बसा, मी तुम्हाला सुरुवातीपासून लावून देते,’’ एवढेच म्हणाली. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागे आणि अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर गोळा होई. ती मालिकाही जपानी होती, हे मला तिच्याकडूनच कळले. तेव्हा जपानी चित्रे आमच्या ओसरीवर पूर्वीच येऊन गेली होती म्हणायची!

पहिला चित्रपट १९९५ सालचा. मूळ नाव ‘मिमी ओ सुमासेबा’, म्हणजे ‘कान देऊन ऐकले तर’. दिग्दर्शक योशिफुमी कोन्दो, पटकथा हायाओ मियाझाकींची. कोन्दोंनी दिग्दर्शित केलेला हा एकुलता एक चित्रपट. १९९८ साली ते गेले. गोष्ट साधी आहे. शिझुकू ही चौदा वर्षांची मुलगी वाचनालयातून पुस्तके आणते. पुस्तकाच्या मागे कार्ड, कार्डावर पुस्तक नेणाऱ्यांची नावे. आपण जे पुस्तक उचलतो ते आपल्याआधी एकाच मुलाने नेलेले असते, हे तिच्या लक्षात येते. तो मुलगा सेइजी. त्याला व्हायोलिन बनवणारा कारागीर व्हायचे आहे आणि त्यासाठी इटलीतल्या क्रेमोनाला जायचे आहे. प्रेमात पडलेली ही मुलगी त्यामुळे आरशासमोर बसत नाही. त्याला काय व्हायचे ते ठाऊक आहे, मग मला काय व्हायचे आहे, या प्रश्नाने ती अस्वस्थ होते आणि एक गोष्ट लिहायला घेते.

गोष्टीपायी अभ्यास मागे पडतो, गुण घसरतात, मोठी बहीण रागावते. इथवर सारे आपल्याच घरातले. पुढे आई-वडील तिला समोर बसवतात. वडील वाचनालयात नोकरीला आहेत. ते आधी तिचे ऐकून घेतात आणि मग जे सांगतात त्याचा आशय असा : तुला जे करून पाहायचे आहे ते पाहा. पण चारचौघांपेक्षा वेगळी वाट सोपी नसते, आणि पुढे काही बिघडले तर दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. तिचे कच्चे लिखाण पहिल्यांदा वाचतो तो सेइजीचा म्हातारा आजोबा. तो खोटी वाहवा करीत नाही आणि हसतही नाही. शेवटी पहाटे सेइजी तिला सायकलवर मागे बसवून टेकडी चढतो, तेव्हा ओझे होऊन बसणे नको म्हणून ती उतरते आणि मागून सायकल ढकलू लागते. नातीला हा प्रसंग फार आवडतो. माझ्या डोक्यातून मात्र ते वडील जाईनात.

दुसरा चित्रपट माकोतो शिंकाई यांचा, २०१६ सालचा ‘किमी नो ना वा’, म्हणजे ‘तुझे नाव’. डोंगरातल्या लहानशा गावात मित्सुहा राहते. गावात साधे हॉटेलही नाही. यंत्रातून शीतपेय काढायचे आणि शेजारच्या बाकावर बसायचे, हीच चैन. ‘‘आजोबा, हे तर आपलं वाशीच!’’ नात म्हणाली. पुढच्या जन्मी टोकियोतला मुलगा होऊ दे, असे मित्सुहा ओरडून मागते आणि झोपेत खरोखरच टोकियोतल्या ताकी नावाच्या मुलाशी तिची अदलाबदल होऊ लागते. दोघांच्या काळात तीन वर्षांचे अंतर आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते. त्या तीन वर्षांपूर्वी धूमकेतूचा तुकडा पडून तिचे गाव नष्ट झालेले असते. आता ते वाचवायचे कसे?

इथेही गोष्ट येऊन थांबते ती बापाशी. मित्सुहाचा बाप गावचा निवडून आलेला प्रमुख. गाव रिकामे करा, हे पोरीच्या तोंडचे बोलणे त्याला पहिल्यांदा वेडेपणा वाटतो. मग मित्सुहा स्वतः धावत, पडत, धडपडत त्याच्यासमोर येऊन उभी राहते. दोघांत काय बोलणे झाले ते दिग्दर्शक दाखवीत नाही. लोक वेळेत बाहेर पडले आणि वाचले, एवढे आपल्याला नंतर कळते. म्हणजे बापाने या वेळी ऐकले. शिंकाईंच्या मनात २०११ च्या भूकंपाची जखम होती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या आमच्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि त्याच २०१६ साली, एप्रिलच्या अखेरीस, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. आमच्या परंड्याला लागून असलेल्या करमाळ्याकडची ती माती. इथेही आर्चीचा बाप राजकारणातला बडा माणूस, शब्दाला वजन असलेला. दोन देशांतले दोन चित्रपट, दोन्हीकडे कोवळी पोरे, दोन्हीकडे सत्ता असलेला बाप. एकाने कान दिला आणि गाव वाचले. दुसऱ्याच्या घरात कोणी कान दिलाच नाही, आणि शेवटी लहान मुलाची रक्ताने माखलेली पावले तेवढी उमटली. आपण चित्रपटगृहात त्या गाण्यांवर नाचलो आणि त्या पावलांपाशी गप्प झालो. घरी आल्यावर मात्र आपल्या पोरीच्या दप्तरात काय आहे, ते तपासू लागलो.

दुसऱ्याकडे एक बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळलेली असतात, म्हणून आता माझे सांगतो. १९८६ ची गोष्ट. मी तेव्हा एका शाळेत मराठी शिकवीत होतो. नववीतल्या एका मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात मला एक चिठ्ठी सापडली. चारच ओळी. स्नेहसंमेलनातल्या नाटकात तू काम करणार आहेस का, केलेस तर मीही नाव देतो, इतकाच मजकूर. खाली दहावीतल्या मुलाचे नाव. खरे सांगायचे तर मी मजकूर नंतर वाचला. आधी नाव पाहिले, आडनाव पाहिले आणि मुलगा कोणत्या आळीतला ते मनाशी ताडले. मुलीला एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी तिच्या वडिलांना गाठून चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

दिवाळीनंतर मुलगी शाळेत आली नाही. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. अभ्यासात ती मुलाहून पुष्कळ पुढे होती. निबंध तर असा लिही, की मी तो इतर वर्गांत वाचून दाखवी. मुलाने शाळा सोडली. तो पुढे कोठे गेला, याची मी चौकशी केली नाही.

अलीकडे एस.टी. स्टँडवर एका बाईंनी मला वाकून नमस्कार केला. ‘‘सर, वळखलं का?’’ मी ओळखले. तिने तक्रार केली नाही. चिठ्ठीचा विषय तिने काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. ‘‘नात नववीला हाय आता,’’ ती म्हणाली, ‘‘वाचती लई.’’ मग गाडी लागली आणि ती गेली.

मी एकटाच असा वागलो, असे म्हणून सुटता आले असते तर बरे झाले असते. २००६ च्या कायद्याने अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. मराठवाड्यात हे प्रमाण अधिक. गरिबी आहे, हुंडा आहे. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर मागे ठेवायची, ही धास्ती आहे. पण या साऱ्यांच्या बरोबरीने आणखी एक भीती आहे : पोरीने कोणाचे तरी नाव घेतले तर? त्या भीतीपोटी आपण नाव घेण्याआधीच तिचे तोंड बंद करतो. चिठ्ठीतल्या चार ओळींचे उत्तर आपण लग्नपत्रिकेने देतो.

ऐकणे म्हणजे परवानगी देणे नव्हे, हे शिझुकूचे वडील जाणतात. पंधराव्या वर्षीचे प्रेम बहुधा टिकत नाही. ते टिकावे असा आग्रहही कोणी धरू नये. पण त्या वयात मनात जे उठते ते केवळ दुसऱ्यासाठी नसते. मी कोण, मला काय व्हायचे आहे, हा प्रश्न माणसाला बहुधा तेव्हाच पहिल्यांदा पडतो. आपण चिठ्ठी फाडतो, तेव्हा तो प्रश्नही फाडून टाकतो. जपानी समाजात सारे आलबेल आहे, असे मी समजत नाही. समाज निराळा आणि चित्रपट निराळा. तरी तिथल्या चित्रकारांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे मन हसण्यावारी नेले नाही. त्यांच्या गोष्टीत एखादे वडीलधारे माणूस त्यांनी असे ठेवले, जे ऐकून घेते.

आज कुठल्या तरी शाळेत एखाद्या शिक्षकाच्या हाती अशी चिठ्ठी येईल. आता ती कदाचित कागदाची नसेल, मोबाइलवरची असेल. त्यांना माझे इतकेच सांगणे आहे, की ती घेऊन बापाच्या दारी जाण्याआधी मुलीला समोर बसवावे, मुलालाही बसवावे, आणि त्यांचे बोलून होईपर्यंत आपण गप्प बसावे. मला १९८६ साली एवढे जमले नाही.