पद्धत

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. दादा जाऊन वर्ष झालं, आता वारस नोंद करून घ्यायची आहे. म्हणाला, "काका, दोघी तायांच्या हक्कसोडपत्रावर सह्या तेवढ्या हव्यात. तुम्ही सांगितलंत तर नाही म्हणणार नाहीत. आपल्याकडे पद्धतच आहे ना!"

मुलगा वाईट नाही. नोकरी सांभाळून नारळी-सुपारीची बाग तोच बघतो. पण ती 'पद्धत' काही डोक्यातून जाईना.

मंडळी, आमच्या मुरुडला 'पद्धत' या शब्दाचा मोठा इतिहास आहे. 1893 साली आमच्याच गावच्या धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला आणि जोडीने गावी आले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कारण हेच, विधवेने लग्न करायची आपल्यात पद्धत नाही! पुढे 1958 साली अण्णांना भारतरत्न मिळालं. आज आलेल्या पाहुण्याला आम्ही अभिमानाने सांगतो, हे कर्व्यांचं मुरुड. म्हणजे पद्धत बदलली, आणि गाव काही बुडालं नाही.

तसा विधवाविवाहाला 1856 पासून कायद्याची परवानगी होती. पण त्याच कायद्यात एक कलम होतं. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपणार, जणू ती मेलीच असं धरून! नातं जोडायची मुभा, पण जमिनीपुरती ती मेलेली.

नात्याची आणि जमिनीची ही गाठ उकलून दाखवली ती कर्व्यांच्याच सुनेने. त्या लग्नातून झालेल्या दिनकररावांच्या पत्नी, इरावतीबाई. 'युगान्त' आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण 1953 साली त्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. उत्तरेत मुलगी लांब, परक्या घरी द्यायची. दक्षिणेत शक्यतो नात्यातच. आणि आपण मधले. महाराष्ट्रात कितीतरी जातींत मामाची मुलगी चालते, आत्येची चालत नाही. उत्तरेत दोन्ही वर्ज्य!

मालमत्तेचंही तसंच. केरळच्या नायरांत पूर्वी वारसा आईकडून चाले, मामाच्या मागे भाचा. मेघालयातल्या खासींमध्ये वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्मापासून, तर बंगालच्या दायभागात बाप गेल्यावर. धर्म एकच, नियम दोन. गोव्यात तर पोर्तुगीजांच्या वेळेपासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तिथली घरं मोडली असं काही ऐकलं नाही. मग यातली 'आपली पद्धत' सनातन कशी?

आपल्याकडे 1956 च्या कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस झाली, पण राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नसे. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, तोही त्याआधी लग्न न झालेल्यांनाच. सगळ्या मुलींना तो मिळाला 2005 साली, आणि तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. दीडशे वर्षांत कायदा 'मेली असं धरा' पासून इथवर आला. आम्ही मात्र तीच जुनी 'पद्धत' धरून बसलोय.

आता माझंही सांगतो. नातेवाईक हे वाचतात, वाचू देत.

1986 साली आमचे वडील गेले. वडिलांच्या वाट्यात आक्काचा हिस्सा तेव्हाच्या कायद्यानेही होता. आम्ही दोघा भावांनी तिला चिपळूणहून बोलावून घेतलं, दापोलीला नेलं, सही घेतली. त्या भाऊबीजेला ओवाळणीत जरा भारीतली साडी घातली. ना तिने काही विचारलं, ना आम्ही काही सांगितलं. इतकी वर्षं मी असंच समजत होतो.

परवा पुतण्याचा फोन ठेवला आणि आक्काला लावला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हटलं, आक्का, माझ्या वाटणीतला बागेचा एक तुकडा तुझ्या नावे बक्षीसपत्र करून देतो. ती हसली. "मी आता सुपाऱ्या सोलत बसू की काय?" मग थोडं थांबून म्हणाली, "बाळ्या, मी तेव्हा कागद वाचायला मागितला होता. तू म्हणालास, ऑफिस बंद होईल, सही कर."

मला हे आठवतसुद्धा नव्हतं. मुलांना वाचायला शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि बहिणीला दोन पानं वाचू दिली नाहीत.

दुसरी बाजू मला कळते. बाग शिंपायला, आई-वडिलांची दुखणी काढायला मुलगाच असतो, आणि तुकडे पाडून बाग टिकत नाही. खरं आहे. मग त्या कष्टांचा हिशेब उघडपणे मांडा. वहिनी आणि तिन्ही मुलं, चौघांचा वाटा सारखा. मुली कदाचित आनंदाने सोडतीलही, पण काय सोडतोय ते कळून सोडू देत. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला प्रेम म्हणू नये.

पुतण्याला कळवलंय, सह्या मी मागणार नाही. दिवाळीला दोघी येतील तेव्हा कागद मधे ठेवू, मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवेन. कुठलं ऑफिस बंद व्हायचं असेल ते होऊ दे.

आक्काच्या बक्षीसपत्राचं मात्र मी मागे घेतलेलं नाही. तिला सुपाऱ्या नको असतील, पण तिचं नाव एकदा सातबाऱ्यावर लागलेलं मला बघायचंय.