मुहूर्त आधी, प्रणाली नंतर

सरकारी संगणक-प्रणाली पहिल्याच दिवशी कोसळली की दोन उत्तरे ठरलेली असतात. कंपनी म्हणते, खात्याने मागण्या सारख्या बदलल्या. खाते म्हणते, कंपनीने काम नीट केले नाही. दोन्हींत थोडे तथ्य असते. परंतु माझ्या मते मूळ दोष आम्हा प्रशासकांच्या एका जुन्या सवयीत आहे. कामाची व्याप्ती आम्ही निविदेत गोठवतो, खर्च करारात गोठवतो आणि तारीख उद्‌घाटनासाठी गोठवतो. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की सर्व बाजू बांधून टाकल्या तर ताण उरलेल्या एकाच वाटेने बाहेर पडतो. ती वाट म्हणजे गुणवत्ता.

वस्तू व सेवा करातील ई-वे बिलाचेच उदाहरण घ्या. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल वाहून नेण्यापूर्वी संकेतस्थळावरून हे बिल काढावे लागते. कर्नाटकात ही पद्धत सप्टेंबर २०१७ पासून चालू होती. १६ डिसेंबर २०१७ रोजी परिषदेने ठरविले की आंतरराज्य वाहतुकीसाठी ती १ फेब्रुवारी २०१८ पासून देशभर सक्तीची होईल. जानेवारीच्या मध्यास चाचणी सुरू झाली, म्हणजे हाती जेमतेम पंधरा दिवस. १ फेब्रुवारीला देशभरचे व्यापारी एकाच वेळी संकेतस्थळावर आले, ते कोलमडले, आणि त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली.

यानंतर जे घडले त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. १ एप्रिल २०१८ पासून फक्त आंतरराज्य वाहतूक घेतली गेली. राज्यांतर्गत वाहतुकीला त्या दिवशी एकट्या कर्नाटकाने आरंभ केला. १५ एप्रिलला आणखी पाच राज्ये आली, मेअखेरीस महाराष्ट्र आणि २ जूनला आमचे तामिळनाडू. कायदा तोच, प्रणाली उभारणारे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रही तेच. बदलले होते ते प्रणाली लोकांच्या हाती देण्याचे नियोजन. प्रत्येक टप्प्यावर भार किती वाढला हे दिसत होते, आणि पुढचे पाऊल त्यानंतर पडत होते.

हा धडा ई-इन्व्हॉइसच्या वेळी उपयोगी पडला. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती ५०० कोटींवरील उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाली, पहिल्या महिन्यात सवलत देऊन. पुढे १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी मर्यादा उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. ज्यांच्याकडे संगणक विभाग आहे ते आधी, लहान व्यापारी शेवटी. जवळपास तीन वर्षे लागली, पण लहान व्यापाऱ्याच्या हाती आली ती वापरून घासलेली प्रणाली.

तरीही सवय जात नाही. आयकराचे जुने संकेतस्थळ १ ते ६ जून २०२१ बंद ठेवून ७ जूनला नवे सर्वांसाठी एकदम उघडण्यात आले. तक्रारी इतक्या वाढल्या की ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाला इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून १५ सप्टेंबरची मुदत द्यावी लागली. विवरणपत्रांची अंतिम तारीखही पुढे गेली. हा केवळ भारतीय रोग नव्हे. अमेरिकेत आरोग्य-विम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी असेच एकदम उघडले आणि असेच कोसळले.

चेन्नईच्या ओल्ड महाबलीपुरम रोडवर जी मराठी मुले-मुली नोकरी करतात त्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांची कामाची पद्धत ‘अजाईल’. दोन आठवड्यांचा एक ‘स्प्रिंट’, त्यात एक लहान पण पूर्ण चालणारा भाग, तो वापरणाऱ्याला दाखवायचा आणि त्याच्या सांगण्यावरून पुढील यादीचा क्रम बदलायचा. अशा काही स्प्रिंटचे काम एकत्र करून लोकांच्या हाती देणे म्हणजे ‘रिलीज’.

हल्ली आमच्या निविदांतही ‘अजाईल’ हा शब्द झळकतो. पण देयके मात्र कागदपत्रांच्या जाडीवर आणि उद्‌घाटनाच्या तारखेवर निघतात. यादीतील क्रम बदलायचा तर त्याला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणतात, आणि तिची फाईल महिनोन् महिने फिरते. स्प्रिंटच्या शेवटी काम पाहायला ज्याला निर्णयाचा अधिकार नाही अशा कनिष्ठ सहायकाला पाठविले जाते. तो बिचारा एवढेच म्हणू शकतो, ‘साहेबांना विचारून सांगतो.’ साहेब पाहतात ते थेट फीत कापण्याच्या आदल्या दिवशी. याला अजाईल म्हणणे म्हणजे बैलगाडीला मोटारीची पाटी लावणे होय.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की सर्व नागरिक समान आहेत, मग एका जिल्ह्याला आधी सुविधा कशी देणार? मोडक्या प्रणालीपुढे सर्वांना एकत्र उभे करणे ही समानता नव्हे. दुसरा आक्षेप लेखापरीक्षणाचा : व्याप्ती निश्चित नसेल तर हिशेब कशाचा देणार? मी म्हणतो, दर पंधरा दिवसांनी चालणारा भाग तपासून केलेली नोंद हा शेवटी एकदा घेतलेल्या सहीपेक्षा भक्कम हिशेब आहे. खरा बेहिशेबी खर्च वेगळाच आहे. प्रणाली बंद पडल्यावर व्यापारी, करसल्लागार आणि ट्रकचालक यांचे जे दिवस वाया जातात, ते कोणत्याही प्रकल्पाच्या खर्चात धरले जात नाहीत. खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून आम्हाला घाई परवडते.

माझे म्हणणे एवढेच आहे. तारीख कायद्याने बांधलेली असेल तर व्याप्ती मोकळी ठेवा. व्याप्ती अटळ असेल तर तारीख मोकळी ठेवा. निर्णयाचा अधिकार असलेला एक अधिकारी प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी तंत्रज्ञांसमोर बसवा आणि प्रकल्प संपेपर्यंत त्याची बदली करू नका. नवी प्रणाली एका विभागात प्रत्यक्ष कामाच्या गर्दीत टिकल्याखेरीज जुनी बंद करू नका. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पदही लागत नाही. लागते ते मंत्रिमहोदयांच्या कार्यालयाला ‘अजून तयार नाही’ असे वेळेवर आणि लेखी कळविण्याचे धैर्य. ते काम तंत्रज्ञाचे नाही, आमचे आहे. आणि त्याचसाठी आम्हाला सेवेचे संरक्षण दिलेले आहे.