ग्रहण, जन्मखूण आणि बाळाचा डोळा

८ एप्रिल २०२४ रोजी न्यू जर्सीत खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या दुपारी एडिसनमधल्या किती गर्भवती लेकीसुनांना भारतातून फोन आले असतील, "आज सुरीला हात लावू नकोस, काही चिरू नकोस", याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण असे फोन येतात हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. एक दिवस भाजी न चिरल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. बाळाच्या चेहऱ्यावर जन्मतः लाल डाग दिसला की आईला विचारले जाते, "ग्रहण पाळले नव्हतेस ना?" या प्रश्नाने दोन अनर्थ होतात. निरपराध आईच्या माथी दोष येतो, आणि कारण कळल्याच्या समाधानात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे राहून जाते.

डाग आणि डोळा यांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. कपाळ आणि वरची पापणी व्यापणारा सपाट, लालजांभळा डाग हा त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतः रुंदावल्याने पडतो. सावळ्या कातडीवर तो नुसता गडद दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो. लंडनचे डॉ. विल्यम स्टर्ज यांनी १८७९ साली एका लहान मुलीचे वर्णन केले: चेहऱ्यावर असा डाग, झटके, आणि डागाच्याच बाजूचा डोळा मोठा झालेला. या विकाराला आज स्टर्ज-वेबर म्हणतात. असा डाग असलेल्या सर्वांनाच तो होतो असे नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना काचबिंदू होतो, कोणाला तान्हेपणी, तर कोणाला पुढे केव्हातरी.

डोळ्यात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि सतत बाहेर झिरपतो. झिरपण्याची वाट अडली की आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. मेलेली नस परत येत नाही. मोठ्या माणसाला हे कळतही नाही. तान्ह्या बाळाचा डोळा मात्र कोवळा असल्याने दाबाने ताणून मोठा होतो. वैद्यकात त्याला ग्रीक नाव आहे, त्याचा अर्थ 'बैलाचा डोळा'. आपल्याकडे मात्र "डोळे कसे टपोरे आहेत!" म्हणून बाळाची दृष्ट काढली जाते. टपोरे डोळे बहुधा निरोगीच असतात. पण एक डोळा दुसऱ्याहून मोठा दिसणे, सतत पाणी येणे, उजेडात डोळा मिटून घेणे, बुबुळावर धुरकटपणा येणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये, मग चेहऱ्यावर डाग असो वा नसो.

आता दोषाविषयी. बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर संस्थेतील व अन्य संशोधकांनी २०१३ साली स्टर्ज-वेबरच्या २६ रुग्णांच्या बाधित पेशी तपासल्या. त्यांपैकी २३ जणांत एकाच जनुकातील एकाच अक्षराचा बदल सापडला. हा बदल आईकडून वा वडिलांकडून आलेला नसतो. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो आपोआप घडतो आणि तिच्यापासून पुढे झालेल्या पेशींतच राहतो. आईने काय चिरले, काय पाहिले, याचा येथे काडीमात्र संबंध नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे एकदा स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावे, असे आम्हांला वाटते.

उपायांची गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. एडिसनजवळच्या रॉवे येथे जिचे ठाण आहे, त्या मर्क कंपनीचे टायमोलॉल हे थेंब १९७८ साली अमेरिकेत मंजूर झाले. हडसनपलीकडे कोलंबिया विद्यापीठात डॉ. लास्लो बिटो यांनी ससे, मांजरे आणि माकडे यांच्या डोळ्यांवर अभ्यास केला. जो पदार्थ दाब वाढवतो असा समज होता, तोच अल्प प्रमाणात दाब उतरवतो, असे त्यांना आढळले. त्यातून निघालेले लॅटानोप्रोस्ट १९९६ साली मंजूर झाले. आज पशुवैद्य तेच थेंब काचबिंदू झालेल्या कुत्र्यांनाही देतात. तान्ह्या मुलांत नुसत्या थेंबांनी पुष्कळदा भागत नाही, शस्त्रक्रिया लागते. म्हणून वेळेवर जाण्याला महत्त्व.

येथे नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन अनेक तपासण्या होतात, पण त्यात डोळ्यांचा दाब मोजला जात नाही. तो मोजून घेण्याचे आईवडिलांनीच लक्षात ठेवावयास हवे. पाठीवर वा कुल्ल्यावर दिसणारा निळसर डाग आपल्या मुलांत नित्याचा आणि निरुपद्रवी असतो. बहुधा तो पुढे पुसट होतो. पापणीवरचा वा कपाळावरचा लालजांभळा डाग आणि डोळ्याभोवतीचा निळा-करडा डाग यांची गोष्ट वेगळी. असा डाग असेल तर बालनेत्रतज्ज्ञाची भेट पहिल्या काही आठवड्यांतच मागावी, आणि एकदा दाब ठीक निघाला म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नयेत.

लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू घेऊन येणाऱ्या आज्यांना आमची विनंती आहे. बाळाच्या चेहऱ्यावर डाग दिसला तर ग्रहण कधी होते ते विचारू नका. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ कधीची मिळाली, तेवढे विचारा.