आठ किलोचे चार हजार

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि आमच्या दारी येणारे प्रश्नही बदलले. पूर्वी लोक रेशनकार्ड नाहीतर दाखल्यासाठी येत. आता विचारतात, "भाऊ, विमानात सामान किती चालते?" आम्ही कारकून माणूस, विमानात बसलो अवघे दोनदा. पण एक प्रसंग जवळून पाहिला आहे, तो सांगतो.

आमच्या शेजारची मुलगी तिरंदाजी करते. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हापासून तिचा हा ध्यास. बाप तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. पतपेढीचे कर्ज काढून त्याने धनुष्य घेऊन दिले. दिल्लीच्या स्पर्धेला ती निघाली, सोबत थोरला भाऊ. तो लग्नाचे फोटो काढतो. बहिणीचेही काढायचे म्हणून कॅमेरा, तिपाई, सगळे बरोबर. बाप आणि आम्ही दारापर्यंत सोडायला गेलो.

दहा मिनिटांत आतून फोन. माणशी पंधरा, म्हणजे दोघांचे तीस किलो चालतात, भरले अडतीस. वरच्या आठ किलोंचे चार हजारांवर पैसे! पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या वाहिलेला तो माणूस म्हणाला, "भाऊ, आठ किलो मी कडेवर नेले असते." तिघाचौघांना फोन करून रक्कम आत पाठवली. तोवर दुसरी भानगड. खाली दिलेल्या बॅगेत कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक. मुलाला बोलावून बॅग उघडायला लावली. पोरे धावतपळत विमानात चढली.

चूक आपलीच, कारण विचारलेच नाही. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायच्या. त्या पेट घेऊ शकतात, आणि वर असल्या तर विझवता येतात. कॅमेराही हातातच, मात्र त्या बॅगेला साधारण सात किलोंची मर्यादा. धनुष्यबाण, बॅट, हॉकीची काठी वर नेता येत नाही, खालीच द्यावी लागते. जादा वजनाचे पैसे आधी भरले तर बहुधा कमी पडतात. काही कंपन्यांचा खेळाच्या सामानाचा दर निराळा असतो, तोही तिकीट काढतानाच विचारावा.

आणि खरी धास्ती पुढेच आहे. देशांतर्गत प्रवासात सामान हरवले वा मोडले तर २०१९ च्या प्रवासी सनदेप्रमाणे भरपाईची मर्यादा वीस हजार रुपये. धनुष्य लाखाच्या घरातले, कर्जाचे हप्ते अजून चालू! किंमत आधी लिहून देऊन जादा शुल्क भरले तरच मर्यादा वाढते. पेटी देण्यापूर्वी उघडून फोटो काढावा, उतरल्यावर तिथेच उघडून पाहावी, आणि काही मोडले असेल तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार द्यावी. तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही, हे आम्ही कचेरीत बसून पुष्कळ पाहिले आहे.

पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी बापाने पेटी आणि बॅगा थेट बाजारात नेल्या आणि कांद्याच्या काट्यावर ठेवल्या. रिकामी पेटीच पाच किलोंची निघाली. मग तिपाई घरी राहिली, दोन जोड कपडे कमी झाले. एकोणतीस किलो दोनशे ग्रॅम. हमालांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.